परक्या शहरातील पहिले आठ दिवस

पूर्वी उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या घरांतील मुले मामाच्या गावाला निघत. आता त्याच वैशाखात वीस-एकवीस वर्षांची मुलेमुली पाठीवर पिशवी अडकवून परप्रांतातील एखाद्या शहरी दोन महिने काम शिकावयास जातात. त्याला ती ‘इंटर्नशिप’ म्हणतात. कोणी कारखान्यात जातो, कोणी संगणकाच्या कंपनीत, तर कोणी प्रयोगशाळेत. आपल्या देशातील तीन विज्ञान अकादम्या एकत्र येऊन होतकरू विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन-शिष्यवृत्ती देतात. त्या तिघींपैकी एक अकादमी सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बेंगळुरूस स्थापन केली. प्रयोगशाळा, कारखाने आणि संगणकाच्या कंपन्या या तिन्हींची दाटी त्या शहरात असल्यामुळे मराठी घरांतील पुष्कळ मुलांची पावले उन्हाळ्यात तिकडे वळतात.

वाचकहो, आपल्याही घरातून कोणी असे निघाले असेल, किंवा पुढील वर्षी निघेल. म्हणून आमच्या घरी घडलेली एक गोष्ट आज आपल्याला सांगावीशी वाटते.

माझी धाकटी बहीण अमरावतीस असते. तिची मुलगी पुण्यास जीवरसायनशास्त्र शिकते. गेल्या उन्हाळ्यात तिला बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत दोन महिन्यांचे काम मिळाले. मुंबईहून निघणारी उद्यान एक्सप्रेस पुणे, सोलापूर, कलबुर्गी, रायचूर, गुंतकल अशी मजल मारीत दुसऱ्या दिवशी बेंगळुरूस पोचते. मी सोलापूरची. गाडी थांबते तेवढ्या वेळात मी फलाटावर जाऊन तिच्या हाती कडक भाकऱ्या आणि शेंगांच्या चटणीचा डबा दिला. गाडी हलू लागली तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, “मावशी, तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं. तू उगीच काळजी करू नकोस.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. काम चालण्यापुरती इंग्रजी त्या शहरात बहुतेक ठिकाणी पुरते. परंतु माणसाचे सारेच व्यवहार कामाचे नसतात, हे चार दिवसांत तिच्या अनुभवास आले.

तिची राहण्याची सोय मल्लेश्वरम् या भागात झाली होती. १८९८ साली बेंगळुरूत प्लेगची मोठी साथ आली. त्या सुमारास मोकळ्या हवेसाठी ज्या नव्या वस्त्या आखण्यात आल्या, त्यांपैकी ही एक. एका वृद्ध बाईंच्या घराच्या माडीवर तीन-चार खोल्या मुलींना भाड्याने दिलेल्या होत्या. रेल्वे स्थानकासमोरच मेट्रोच्या जांभळ्या व हिरव्या मार्गांचा संगम आहे. तेथून हिरव्या मार्गावरचे पुढचेच स्थानक संपिगे रोड. संपिगे म्हणजे आपला सोनचाफा. इतक्या सुंदर नावाच्या रस्त्यावर उतरूनही आमची मुलगी अर्धा तास भटकत राहिली. कारण बेंगळुरूचा पत्ता ‘मेन’ आणि ‘क्रॉस’ अशा दोन आकड्यांनी सांगितला जातो. लांब सरळ रस्ते ते मेन, आणि त्यांना छेदणारे ते क्रॉस. हिने क्रॉस बरोबर गाठला, पण मेन चुकली. तेवढ्यात आभाळ भरून आले. ते शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारपर्यंत ऊन आणि सायंकाळी विजांसह पाऊस, हा तेथील नित्याचा प्रकार. छत्री पुण्यासच राहिली होती. घर सापडले तेव्हा मुलगी आणि पिशवी दोन्ही ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत गेली. मार्गदर्शक परगावी गेले होते. ओळखपत्र तयार व्हावयाचे होते. एक जाडजूड बाड तिच्या हाती देऊन ‘हे वाचून ठेव’ असे कोणीतरी सांगितले. बसावयास जागा होती ती दाराजवळची, जेथून प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी खुर्ची सरकवावी लागे. दुपारी इतर विद्यार्थी घोळक्याने जेवावयास निघून गेले. कोणी कन्नड बोलत होते, कोणी तमिळ, कोणी मल्याळी. ती एकटीच बाहेर पडून एका ‘दर्शिनी’त शिरली. दर्शिनी म्हणजे तेथील उभ्याने खाण्याचे उपाहारगृह. आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यावयाची, ती खिडकीवर द्यावयाची, आणि ताटली घेऊन उंच मेजाशी उभे राहून खावयाचे. ही रीत तिला कोण सांगणार? वाढपी येईल म्हणून ती दहा मिनिटे एका मेजाशी उभी राहिली आणि शेवटी न खाताच परतली.

या सगळ्या गोष्टी अगदी क्षुल्लक आहेत, असे आपण म्हणाल. त्या क्षुल्लकच आहेत. परंतु मनुष्य परक्या गावी खचतो तो एखाद्या मोठ्या संकटाने क्वचितच. चुकलेला रस्ता, ओले कपडे, रिकामे पोट आणि नाव घेऊन हाक मारणारे कोणी नाही, एवढे त्यास पुरते.

चौथ्या रात्री अमरावतीहून बहिणीचा फोन आला. तिचा आवाज कापत होता. “ताई, ती रडते आहे. परत येते म्हणते. घरमालकीणबाई तिला टाकून बोलतात म्हणे. हे परतीचं तिकीट बघताहेत. तू एकदा तिच्याशी बोल.”

मी लगेच भाचीला फोन लावला. बराच वेळ ती काही बोलेना. मग एकदम म्हणाली, “मावशी, त्या अज्जी रोज रात्री माझ्या दाराशी येतात आणि म्हणतात, ‘ऊठ! आयता?’ मी काय इथे आयतं खायला आले आहे? दोन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेत आपण. दिवसभर कोणी विचारत नाही, आणि रात्री जरा अंग टाकलं की ही बाई म्हणते ऊठ!”

वाचकहो, सोलापुरात मराठीच्या जोडीने कन्नड आणि तेलुगू कानावर पडतच आम्ही लहानाचे मोठे होतो. आमच्याकडे कन्नड बोलणारी शेजारीण भेटली की आधी विचारते, “ऊट आतेनरी?” तेच बेंगळुरूच्या बोलीत होते, “ऊट आय्ता?” ऊट म्हणजे जेवण. आय्ता म्हणजे झाले का. ती म्हातारी बाई रोज रात्री जिना चढून येऊन या मुलीला विचारीत होती, “जेवण झालं का?”

मी तिला अर्थ सांगितला. पलीकडे अगदी शांतता पसरली.

“मग तू रोज काय उत्तर दिलंस?” मी विचारले.

“काही नाही. दार लावून घेतलं.”

“चारही रात्री?”

“चारही रात्री.”

“आज जेवलीस?”

“नाही.”

“मग आता खाली जा, आणि एवढंच म्हण: ‘इल्ला, अज्जी.’ नाही झालं, आजी.”

ती खाली गेली. पुढचा तासभर तिचा फोन आला नाही, आणि अमरावतीहून मात्र तीन वेळा आला. अखेरीस रात्री साडेदहाला तिने कळविले की अज्जींनी तिला पाटावर बसवून मोसरन्न, म्हणजे दहीभात, वाढला, आणि ती नको म्हणत असताना आणखी एकदा वाढला. ‘नको’ याला ‘बेड’ आणि ‘पुरे’ याला ‘साकु’ म्हणतात, हेही ती त्याच ताटावर शिकली.

त्या रात्री मला झोप लागेना, आणि पुन्हापुन्हा एका दुसऱ्या मराठी मुलीची आठवण येत राहिली. तीही विज्ञान शिकावयास याच शहरी गेली होती, १९३३ साली. तिचे नाव कमला भागवत. पुढे कमला सोहोनी म्हणून त्या प्रसिद्ध झाल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली उभी राहिलेली ही संस्था बेंगळुरूच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’च आहे. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही तेथेच शिकलेले. तरीही त्यांचा अर्ज नाकारण्यात आला, आणि कारण एकच, त्या स्त्री होत्या. संस्थेचे संचालक होते स्वतः रामन, नोबेल पारितोषिक मिळविलेले थोर शास्त्रज्ञ.

कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्यांनी रामन यांना गाठून नकाराचा जाब विचारला. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले एक वर्ष परीक्षेचे, कामाच्या दर्जाविषयी संचालकांचे समाधान होईपर्यंत त्या कामास मान्यता नाही, आणि आपल्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होऊ द्यावयाचे नाही. या अटी स्वीकारून त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली काम केले. विषय होता आपल्या रोजच्या ताटातला: दूध आणि डाळी यांतील प्रथिने. वर्षानंतर रामन यांनी त्यांना नियमित संशोधनास परवानगी दिली, आणि पुढे इतर स्त्रियांनाही तेथे प्रवेश मिळू लागला. १९३६ साली पदवी घेऊन कमलाबाई केंब्रिजला गेल्या, १९३९ साली तेथे डॉक्टरेट मिळविली, आणि कालांतराने मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. पहिल्या दिवसांतील तो अपमान मात्र आपण कधी विसरू शकलो नाही, असे त्यांनी उतारवयातही स्पष्ट सांगितले.

ही हकिकत मी भाचीला दुसऱ्या दिवशी सांगितली ती तिला लाजविण्यासाठी नव्हे. एकाचे दुःख मोठे म्हणून दुसऱ्याचे खोटे ठरत नाही. परंतु दोन दारांतील भेद तिने पाहावा असे मला वाटले. कमलाबाईंपुढचे दार बाहेरच्यांनी बंद केले होते, आणि ते त्यांनी स्वतःच्या बळावर उघडविले. आमच्या मुलीचे दार तिनेच आतून लावून घेतले होते, आणि बाहेर एक म्हातारी चार रात्री उभी होती. परक्या शहरी पाऊल ठेवणाऱ्याने आपल्यापुढचे दार यांपैकी कोणते, हे आधी तपासून पाहावे. पहिल्या प्रकारच्या दाराशी अवश्य झगडावे. दुसऱ्या प्रकारचे दार मात्र नुसती कडी काढली की उघडते.

पाचव्या दिवसापासून तिचे शहर बदलले असे नाही. पाऊस तसाच पडत होता आणि खुर्ची दाराजवळच होती. पण तिने सकाळी प्रयोगशाळेत शिरताना शेजारच्या मुलीला विचारले, “ऊट आय्ता?” ती मुलगी मोठ्याने हसली. सकाळी ‘ऊट’ विचारीत नाहीत, ‘तिंडि’ विचारतात, तिंडि म्हणजे न्याहारी, असे तिने समजावून सांगितले आणि दुपारी आपल्याबरोबर जेवावयास नेले. दर्शिनीत ‘बाय टू कॉफी’ मागितली की एक कॉफी दोन पेल्यांत वाटून मिळते. त्या अर्ध्या पेल्याइतके स्वस्त आणि चांगले निमंत्रण मला दुसरे ठाऊक नाही.

रविवारी अज्जींनी तिला जवळच्या काडु मल्लेश्वराच्या देवळात नेले. या देवालयास एकोजीराजांनी गाव दान दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख त्या परिसरात आहे. एकोजी म्हणजे व्यंकोजी, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू. १६३८ साली विजापूरकरांनी बेंगळुरू जिंकल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले होते. जे शहर तिला सर्वस्वी परके वाटत होते, तेथे आपली माणसे साडेतीनशे वर्षांपूर्वी देवापुढे दान ठेवून गेली होती. आणि ते दान त्यांनी दिले होते तिथल्या देवाला, हे विशेष.

भाषेचेही तसेच. आपण आईच्या मायेने वाढतो ते तूप आणि कन्नडमधील ‘तुप्प’ यांचे नाते उघड आहे. अक्का आणि अण्णा दोन्हीकडे आहेत. निरोप घेताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तेथेही ‘होगि बरतीनि’ म्हणतात, म्हणजे ‘जाऊन येते’.

आता जे निघणार आहेत त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

शक्यतो दिवसा पोचावे. राहण्याची खोली उजेडी पाहावी, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. घराचा पत्ता तेथल्या माणसाकडून कन्नड लिपीत एका कागदावर लिहून घ्यावा आणि तो कायम जवळ ठेवावा. मेन आणि क्रॉस दोन्ही आकडे पाठ असावेत. छत्री विसरू नये. पाणी जपून वापरावे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून चढवून त्या शहरात आणले जाते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील लोकांनी पाण्याची मोठी टंचाई सोसलेली आहे. पाहुण्याने बादलीभर पाण्यात स्नान आटोपले तर घरमालकीण न बोलताही प्रसन्न होते.

पहिल्या आठ दिवसांत तेथील भाषेचे दहा शब्द शिकावेत. बेकु म्हणजे पाहिजे, बेड म्हणजे नको, एष्टु म्हणजे किती, आणि ‘कन्नड गोत्तिल्ल’ म्हणजे मला कन्नड येत नाही. हे शेवटचे वाक्य कन्नडमधून सांगितले की ऐकणारा बहुधा मदतीस पुढे होतो. आपल्या भाषेची माणसे शोधणे स्वाभाविक आहे, आणि गांधीनगरात महाराष्ट्र मंडळही आहे. तेथे अवश्य जावे. परंतु आधी ज्या घरात राहतो तेथील, ज्या मेजाशी काम करतो तेथील एक तरी माणूस जोडावा. कामाच्या ठिकाणी पहिले काही दिवस कोणी काम सांगितले नाही तर तो आपला अनादर समजू नये. मिळेल ते वाचावे, रोज एक प्रश्न तयार ठेवावा, आणि तो विचारावा. बेंगळुरूऐवजी बर्लिन असो की बोस्टन, यात फारसे काही बदलणार नाही.

आणि आईवडिलांनो, आपल्याशीही थोडे बोलावयाचे आहे. पूर्वी परगावच्या मुलाचे पत्र घरी पोचावयास चार दिवस लागत. तोवर त्यातील दुःख शिळे झालेले असे, आणि घरी रडणे वाचले जाई तेव्हा मुलगा तिकडे मित्रांबरोबर हसत असे. आता दुःख त्याच क्षणी आणि चेहऱ्यासकट आपल्या हातातील फोनवर येते. ते पाहून आपले मन धावते, हे खरे. तरीही ताबडतोब परतीचे तिकीट काढू नये. मूल खरोखर संकटात असेल, आजारी असेल, कोणी छळत असेल, तर एक दिवसही थांबू नये. परंतु आधी नीट विचारावे: नेमके काय झाले? कोण काय म्हणाले? जेवलास का? पुष्कळदा तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्या दोहोंचे उत्तर असते.

जुलैच्या मध्यास भाची परतली. त्याच गाडीने, सकाळी सोलापूरवरून. मी घाईने स्टेशन गाठले होते. तिच्या हाती अज्जींनी दिलेली भली मोठी पिशवी होती. माझा डबा घेण्यापूर्वी तिने दारातूनच विचारले, “मावशी, ऊट आय्ता?”

सकाळी तिंडि विचारतात, हे तिला आठवत होते की नाही, कोण जाणे. मी सकाळपासून खरोखरच काही खाल्ले नव्हते. मी म्हणाले, “इल्ला.”

गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघींनी त्या पिशवीतली चार कोडबळी फलाटावर उभ्यानेच खाल्ली.